आतल्या खोलीच्या दाराची व्यवस्था

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वयाने सत्तरी ओलांडलेला, धंद्याने घंटा ओतणारा, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कुणाच्या धाकाशिवाय आणि कुणाची भीड न धरता, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचं काय करायचं ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मी फाडून टाकलं आहे.

शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला, माझं नाव विचारलं, शंभरातून सात वजा करायला लावले. मी हॉस्पिटलात जे ऐकून आलो ते ऐकल्यावर माणूस शुद्धीवर राहतो का, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. मी राहिलो आहे. कसा राहिलो, माझं मलाच ठाऊक नाही.

वकीलबाई म्हणाल्या, "काका, मृत्युपत्रात एवढं पाल्हाळ नको. कोणाला काय द्यायचं, तेवढंच लिहा."

मी म्हटलं, "बाई, का देतोय ते लिहिलं नाही तर माझी मुलं कोर्टात एकमेकांची डोकी फोडतील."

त्यावर त्यांनी चष्मा पुसला. कायद्याचे शब्द त्यांनी तपासलेले आहेत. बाकीचे माझे आहेत, त्यांना दोष देऊ नये.

कलम १. राहतं घर

घर माझ्या धाकट्या भावाच्या हयातीपर्यंत त्याच्या ताब्यात राहील. त्याच्यानंतर ते माझा मुलगा आणि माझी मुलगी यांना समान वाट्याने मिळेल. धाकट्याला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. त्याचे डोळे आमच्या कारखान्यात गेले, ते पुढे येईलच. म्हणून अट अशी की, त्याला विचारल्याशिवाय घरातली कुठलीही वस्तू वीतभरही हलवू नये. मागच्या खेपेला चिरंजीवांनी 'हवा खेळती राहावी' म्हणून कपाट सरकवलं आणि दुसऱ्या दिवशी धाकट्याच्या कपाळावर हे एवढं टेंगूळ. हवा राहू दे, कपाट राहू दे.

कलम २. बँकेतली शिल्लक

औषधपाणी आणि शेवटचा खर्च भागून जे उरेल ते धाकट्याचं. चिरंजीवांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान छान चालतं, देव त्यांचं भलं करो. त्यांच्यावर माझा राग नाही. खरं म्हणजे होता. त्यांना मी मागच्या खोलीत नेऊन, कडी लावून, आमच्या घराण्याचं गुपित सांगितलं तेव्हा ते जांभई देत होते. आता वाटतं, त्या खोलीत शहाणं माणूस तेवढं एकच होतं.

कलम ३. कारखाना

हे कलम लांब आहे. वाचणाऱ्याने बसून घ्यावं.

आमचा कारखाना म्हणजे पुढे मोठी खोली, मागे छोटी खोली आणि मधे जाड लाकडाचं दार. पुढच्या खोलीत मातीचे साचे होतात, ओतलेल्या घंटा कानशीने घासल्या जातात. मागच्या खोलीत भट्टी. शाळांच्या घंटा, गिरण्यांच्या घंटा, बोटींच्या घंटा, सगळ्या इथेच ओतल्या. मुशीत, म्हणजे भट्टीतल्या भांड्यात, तांबं वितळतं, त्यात कथील पडतं, आणि रस साच्यात ओतायच्या थोडं आधी कारखान्याचा धनी सगळ्यांना बाहेर काढतो, आतून कडी लावतो आणि 'ते काम' करतो. आमच्या गल्लीत त्याला दुसरं नाव नाही. ते केलं तर घंटा खणखणीत वाजते. नाही केलं तर बद्द.

आमची सगळी गल्ली ओताऱ्यांची. जेवढे कारखाने तेवढी दारं, आणि प्रत्येक दारामागे ज्याच्या त्याच्या घराण्याचं 'ते काम'. बापाने ते मुलाला सांगायचं, तेही हातपाय थकल्यावर. कारागिराला सांगायचं नाही, तो उद्या समोर दुकान टाकेल. मुलीला तर नाहीच नाही, ती लग्न करून जाईल आणि आपलं गुपित सासरी नेईल. माझी मुलगी लहानपणी त्या दाराला कान लावून उभी राहायची. तिला तिथून ओढून नेताना तिच्या आईचा जीव मेटाकुटीला यायचा. "बाबा आत काय करतात?" एवढा एकच प्रश्न. शेवटी पोरगी चिडली, शिष्यवृत्ती मिळवली आणि दुसऱ्या गावी जाऊन धातूंचं शास्त्र शिकली. आज ती तिथल्या प्रशिक्षण संस्थेत मुलामुलींना ओतकाम शिकवते. मी तिला म्हणायचो, "पुस्तकातून घंटा वाजत नाही, बाई." ती हसायची आणि विषय बदलायची.

आता 'ते काम' काय, ते मी या कागदावर उघड लिहितो. झाडाची ताजी ओली फांदी तोडून तिची काठी करायची आणि तिने मुशीतला रस ढवळायचा. काठी जळते, रस खदखदतो, त्यातला दोष वर निघून जातो. संपलं.

इथपर्यंत वाचून वकीलबाई म्हणाल्या, "एवढंच?"

हो, बाई, एवढंच! एवढ्यासाठी आजोबांनी कडी घडवली. एवढ्यासाठी पंपाच्या कारखान्याचा साहेब आमच्या गल्लीत दारोदार फिरून परत गेला. त्याला पंपात बसवायचे काशाचे भाग हवे होते, आमच्या घंटांसारख्याच धातूचे, आणि ढिगाने हवे होते. गल्लीतले सगळे एकत्र आलो असतो, चार पोरांना हाताशी धरून शिकवलं असतं, तर सहज देऊ शकलो असतो. पण रस ढवळणार धनी, तोही एकटा, दार लावून. एका माणसाच्या हातून निघणार किती! साहेब म्हणाला, "तुमचं काम उत्तम आहे, पण तुम्ही माणसं कधी तयार करणार?" आम्ही त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. तो गेला माझ्या मुलीच्या गावी. तिथे शिकलेली माणसं रांगेत उभी होती. आज त्या गावात कामाच्या पाळ्या लागतात, पगाराच्या दिवशी बाजारात पाय ठेवायला जागा नसते, नवे दवाखाने, नवी घरं. आमच्या गल्लीत निम्म्या कारखान्यांना कुलपं आहेत आणि छपरांवर कबुतरं. आम्ही म्हणायचो, नशीब.

आता धाकट्याचं.

तो विशीत होता. कान असा की, घंटेला नखाने टिचकी मारून कुठे पोकळ आहे ते सांगायचा. आमच्या आप्पांचा, म्हणजे वडिलांचा, तो लाडका. त्याला आधी शिकवायचं ठरलं, आणि मी, थोरला असून, दाराबाहेर. मला राग आला होता, खोटं का बोलू. आत ते दोघे. अचानक फटकन आवाज झाला आणि धाकट्याची किंकाळी. मी दार बडवलं, खांद्याने धडका दिल्या. कडी निघेना. मला तेव्हा वाटलं, घाबरून आप्पांचा हात चालत नसेल. बऱ्याच वेळाने दार उघडलं. धाकटा जमिनीवर, दोन्ही तळवे तोंडावर. आप्पा म्हणाले, "रस आहे तो, उडायचाच." त्यानंतर मला शिकवलं.

आणि तो उडायचाच. माझ्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत डाग आहेत, आप्पांच्याही होते. आम्ही ती घराण्याची खूण मानायचो. शेजारच्या कारखान्याचा धनी लांब्या. त्याचे हात मात्र नवऱ्या मुलासारखे स्वच्छ. आम्ही घरात म्हणायचो, कामचुकार आहे लेकाचा, भट्टीजवळ फिरकतही नसेल.

हा लांब्या माझा जन्माचा वैरी. मधली भिंत कुणाची, यावरून आम्ही बोलणं टाकलं. धाकट्याशी मात्र त्याची गट्टी. रोज संध्याकाळी पायरीवर बसून दोघं जगभरच्या गप्पा मारायचे. मी दिसलो की लांब्या आकाशाकडे बघायचा.

गेल्या महिन्यात मला धाप लागली म्हणून हॉस्पिटलात ठेवलं. शेजारच्या खाटेवर बघतो तर हा! पोटाचं ऑपरेशन. आम्ही दोन दिवस एकमेकांकडे पाठ करून झोपलो. तिसऱ्या दिवशी दुपारी तो आपणहून बोलला.

"तापट्या, उद्या माझं पोट फाडणार आहेत. वाचलो तर ठीक. नाहीतर आमच्या घरचं ते काम माझ्याबरोबर जाईल. मला मुलगा नाही. तू वैरी असलास तरी ओतारी आहेस. कान इकडे कर."

माझे डोळे भरून आले. काय मोठं मन, म्हटलं. मी नळीसकट वाकलो, कान पुढे केला. तो कुजबुजला, "ओली काठी."

मी ताडकन उठून बसलो. "चोरा! कधी पाहिलंस? कुठल्या फटीतून पाहिलंस?"

"काय पाहिलं?"

"आमचं काम!"

"तुमचं? अरे, आमच्या पणजोबांचं आहे ते! तूच भिंतीला भोक पाडलंस, मला पहिल्यापासून संशय होता!"

नर्सबाई धावत आल्या. "आजोबा, भांडायचं असेल तर बरे व्हा, घरी जा, मग भांडा. इथे माणसं झोपलीत."

त्या गेल्यावर लांब्या हळूच म्हणाला, "कोपऱ्यावरच्या कारखान्यामागे कसलं झाड आहे रे?" मी सांगितलं. "आणि तुमच्या मागे?" तेच. "आमच्याही मागे तेच. त्या कुलूप लावलेल्या तिघांच्या मागेही तेच." आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. गल्लीतल्या एकूण एक कारखान्यामागे एकच झाड, आणि प्रत्येक जण म्हणायचा, सावलीसाठी लावलंय! लांब्या पोट धरून हसायला लागला, मीही हसलो, माझं मशीन टुंग टुंग वाजायला लागलं. चार पिढ्या आम्ही एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो.

मग डोळे पुसत तो म्हणाला, "आणि भट्टीच्या तोंडाशी धरताना हाताला किती चटका बसतो, नाही?"

"काय धरताना?"

"काठी. रसात घालायच्या आधी. वरचं पाणी उडून जायला हवं ना."

मी म्हटलं, "आम्ही टाकीतून काढून सरळ घालतो."

"कसली टाकी?"

मी सांगितलं. काठी कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून आमच्या आजोबांनी मागच्या खोलीत पाण्याची टाकी बांधली होती. काठी तिच्या तळाशी, वर दगड. काठी ओली राहते आणि दिसतही नाही. घरात सगळे आजोबांच्या अकलेचं कौतुक करायचे.

लांब्याचं हसू मावळलं. तो माझ्या हातांकडे बघायला लागला, हॉस्पिटलच्या आखूड बाह्यांमधून ते डाग दिसत होते. "पाण्यातून काढून?" तो म्हणाला. "निथळती? सरळ रसात? अरे देवा, तापट्या, रसात पाण्याचा थेंब गेला की तो उडणारच! म्हणजे धाकट्याचं..." त्याने तोंड भिंतीकडे केलं. या माणसाला रडताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळी मुलगी भेटायला आली. दोघांचे चेहरे बघून म्हणाली, "काय झालं? कोण गेलं?" मी तिला काठीचं सांगितलं. लपवायला आता उरलं होतं काय!

ती स्टुलावर बसली. "बाबा, तुम्ही दाराआड हे करायचात?"

"तुला माहीत आहे?"

"दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात आहे. चित्रासकट. मी दर वर्षी शिकवते."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही आत काय करता ते मला कधी सांगितलंत? मला वाटायचं, याच्याही पुढचं काहीतरी असेल. मी वर्गात मनातल्या मनात म्हणायचे, आमच्या बाबांना यापेक्षा जास्त येतं."

मी विचारलं, काठी आधी शेकायची, हेही पुस्तकात आहे का? ती म्हणाली, "ते तर मी पहिल्याच दिवशी सांगते, बाबा. नाहीतर पोरं भाजतील." आणि मग तिचाही चेहरा पांढरा पडला, कारण तिलाही काका आठवला. भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली. ती घंटाही आमच्याच कारखान्यातली होती.

घरी आल्यावर धाकट्याला सांगायचं होतं. कसं सांगू, तेच कळेना. मुलगी म्हणाली, मी सांगते. मी म्हटलं, नको. तो पायरीवर बसला होता. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. काठी, टाकी, लांब्या, पुस्तक. त्याने मान हलवत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा, पाण्याचं मला माहीत नव्हतं. कडीचं माहीत होतं."

"कडीचं काय?"

"माझ्या तोंडावर रस उडाला. मी ओरडत होतो, तू बाहेरून दार बडवत होतास. आप्पा आधी टाकीकडे गेले. काठी पाण्यात गेल्याचा आवाज आला. वर दगड ठेवल्याचा आवाज आला. मग कडी निघाली."

मी म्हटलं, "आणि तू आजपर्यंत एक शब्द बोलला नाहीस?"

"काय बोलणार? आप्पा होते ते. मग तूही दार लावून तेच करायला लागलास. मी मनाची समजूत घातली की, ते काम माझ्या डोळ्यांपेक्षा मोठं असणार. म्हणून तर आधी काठी लपवली." मग म्हणाला, "आणि आज तू सांगतोस, पुस्तकात आहे. चित्रासकट."

वाचणाऱ्या माणसा, हे लिहिताना मी दोनदा पेन खाली ठेवलं आहे. चार पिढ्यांत कुणा एकाने दार उघडं ठेवून काम केलं असतं, तर लांब्याच्या बापाने येता-जाता सहज म्हटलं असतं, अहो, काठी शेकून घ्या. भिंतीपलीकडे होतं ते! माझ्या भावाचे डोळे भिंतीपलीकडे होते!

म्हणून मी खालीलप्रमाणे व्यवस्था करतो.

संपूर्ण कारखाना, दोन्ही खोल्या, भट्टी, मुशी, सांडशा, पळ्या आणि साचे यांसह, मी माझ्या मुलीला देतो. तिने तिथे ओतकामाची शाळा काढावी. ती म्हणते नोकरी सोडून येते, पंपवाल्या साहेबाशीही बोलणं झालंय, माणसं तयार असतील तर तो निम्मं काम इकडे द्यायला राजी आहे. येईल त्याला शिकवावं. मुलगा असो, मुलगी असो, लग्न करून कुठेही जाणार असो, उद्या समोर दुकान टाकणार असो. टाकू दे की! गल्लीत दुकानं उघडलेली मला बघायची होती. भट्टीचं कुठलंही काम चालू असताना कुणालाही बाहेर काढू नये. ही अट मोडल्यास कारखाना लांब्याच्या मुलींकडे जावा. त्यांच्याही बापाने त्यांना काही सांगितलेलं नाही, त्या चवताळलेल्याच आहेत.

घंटेला टिचकी मारून दोष ओळखायला धाकटा शिकवील. शाळेत तो शिक्षक राहील आणि त्याला शिक्षकाचा पगार मिळेल, दया म्हणून नव्हे.

पाण्याची टाकी फोडावी.

मागचं झाड तोडू नये. त्याच्या सावलीत पोरांनी डबे खावेत, म्हणजे आमची एक थाप तरी खरी होईल.

आप्पांचा फोटो घरातून काढून मागच्या खोलीत भट्टीसमोर लावावा. रागाने म्हणत नाही. पूर्वी म्हणालो असतो. पोरंपोरी शिकताना त्यांनी बघावं.

कलम ४. दार

मी मुलीला म्हटलं होतं, दाराला काळा रंग देऊन त्याचा फळा कर. वकीलबाईंनाही ते फार आवडलं. धाकटा म्हणाला, "मला फळ्याचा काय उपयोग? जाळा." तेव्हा दार जाळायचं ठरलं आहे. पहिला रस त्याच्याच जाळावर तापेल.

हे मी मेल्यावर नव्हे, आत्ताच करायचं होतं. आज सकाळी धाकट्याने स्वतः चाचपून बिजागऱ्या शोधल्या आणि स्क्रू काढले. मी मदतीला गेलो तर म्हणाला, "तू बाहेर थांब." मी थांबलो. शेवटचा स्क्रू निघाला, दार त्याच्या अंगावर कललं, तेव्हा त्याने मला हाक मारली. दोघांनी मिळून उतरवलं.

त्याला या कागदावर साक्षीदार व्हायचं होतं. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराला सही होताना दिसावी लागते, कायदाच तसा आहे. धाकटा म्हणाला, "त्या खोलीत जे झालं त्याचा मीच एक साक्षीदार आहे, बाई." वकीलबाईंनी पुन्हा चष्मा पुसला. त्याची सही नाही, पण मी लिहितोय तोपर्यंत तो शेजारी बसून आहे, हे मी इथे नोंदवतो.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, मोठ्याने वाचून दाखवला आणि तो माझ्या मनाप्रमाणे आहे. काही हातचं राखलेलं नाही.

सही : घंटा ओतणारा, 'तापट्या'

साक्षीदार पहिला : शेजारचा ओतारी, 'लांब्या'. (माझ्यासमोर सही झाली. मधली भिंत आमचीच आहे, पण ते नंतर बघू.)

साक्षीदार दुसरी : वॉर्डातली नर्स. (यांना शुद्धीवर असताना आणि भांडताना मी स्वतः पाहिलं आहे.)

दिनांक : नऊ फेब्रुवारी, सकाळ

ठिकाण : कारखान्याची मागची खोली. धाकटा विचारतो आहे, आता इथून काय दिसतं. मी त्याला सांगितलं, पुढची खोली दिसते आणि तिच्या पलीकडे रस्ता.